सुट्टीत समुद्रकाठच्या गावी चांगलं जेवण कसं शोधायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रकाठी सुट्टीला निघालेले वाचक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जेवणाच्या जागा घरून निघण्याआधीच ठरवाव्यात की गावात पोहोचल्यावर?

घरून तीन गोष्टी बघून ठेवा. तुम्ही जाल त्या दिवसांत तिथे मासेमारी चालू आहे का, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी बोटी समुद्रात जात नाहीत, आणि राहायच्या ठिकाणापासून बंदर किंवा मासळीबाजार किती लांब आहे. अनेक किनाऱ्यांवर माशांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या मासळीची अपेक्षाच वेगळी ठेवावी लागते (प्रश्न ८ आणि ९).

नकाशावर चार-पाच जागा खूण करून ठेवल्या तरी पुरे. आगाऊ टेबल फक्त शनिवार-रविवारच्या रात्रीसाठी किंवा मोठ्या गटासाठी सांगून ठेवा. पोहोचल्या दिवसाचं पहिलं जेवण मात्र नक्की ठरलेलं असू द्या. प्रवासाने दमलेला, भुकेला माणूस समोर येईल त्या पहिल्या दारात शिरतो. बाकीच्या जेवणांसाठी पहिल्या संध्याकाळी अर्धा तास पायी फिरा.

२. समुद्रासमोरची हॉटेलं टाळावीत असं सगळे सांगतात. खरंच टाळावीत का?

सरसकट नाही, पण त्यामागचं कारण खरं आहे. पाण्यासमोरच्या जागेचं भाडं जास्त असतं आणि तिथे येणारं गिऱ्हाईक बहुधा एकदाच येतं. जेवण बेताचं झालं तरी उद्या नवीन माणसं येणारच असतात. दोन-तीन गल्ल्या आत गेलं की हिशेब बदलतो. तिथल्या स्वयंपाकघराला रोजच्या गिऱ्हाइकावर जगायचं असतं.

अपवाद दोन. एक, जागा मालकाच्या स्वतःच्या घरात असेल तर भाड्याचा बोजा नसतो. दोन, समोर पोहण्याचा किनारा नसून चालतं बंदर असेल, तर तिथे खलाशी आणि मासे विकणारेही जेवतात, आणि त्यांना शिळं खपवता येत नाही. सूर्यास्त बघायचाच असेल तर समोरच्या जागेत चहा किंवा सरबत घ्या आणि जेवायला आत जा. तिथेच जेवायचं असेल तर साधा भाजलेला किंवा तळलेला मासा मागवा. का ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. जिथे गर्दी, तिथे जेवण चांगलं, हे बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर. गर्दीचा एक फायदा नक्की मिळतो, माल पडून राहत नाही. पण सुट्टीच्या गावात सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते आणि रात्री साडेआठला बेताच्या जागाही भरलेल्या दिसतात. त्यापेक्षा आडवेळची गर्दी बघा. बाकीची हॉटेलं रिकामी असताना एखाद्या ठिकाणी चार टेबलं भरलेली असतील आणि त्यांपैकी दोन टेबलांवर माणसं कामाच्या कपड्यांत, मालकाशी नावाने बोलत असतील, तर आत जायला हरकत नाही. दारात उभं राहून हाका मारणारा माणूस ठेवावा लागतो, त्या जागेला बहुधा स्वतःचं गिऱ्हाईक नसतं.

४. मेन्यूकार्ड बघून काय कळतं?

बरंच काही, आणि बाहेर उभ्या उभ्या कळतं. छोट्या स्वयंपाकघरात ऐंशी-नव्वद पदार्थांचा ताजा माल रोज येणं शक्य नसतं. लांबलचक कार्ड म्हणजे मोठा फ्रीझर. माशांचे चार-सहा प्रकार, फळ्यावर खडूने लिहिलेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले एक-दोन पुसलेले, ही उत्तम खूण. कार्डात चार वेगवेगळ्या देशांचे पदार्थ असतील तर तिथे कोणता पदार्थ मनापासून करतात ते ओळखणं कठीण.

"आज काय चांगलं आहे?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. जे लवकर खपवायचं आहे तेही त्या उत्तरात येतं. त्याऐवजी "आज काय नाहीये?" असं विचारा. "अमुक मासा आज आलाच नाही" असं चटकन सांगणारी जागा त्या दिवसाच्या बाजारावर चालते. "सगळं आहे" असं बारा महिने सांगणारी जागा फ्रीझरवर चालते.

५. ऑनलाइन रिव्ह्यूंवर किती विसंबायचं?

सरासरी ताऱ्यांवर फार नको. सुट्टीच्या गावांत अनेक हॉटेलं हंगामापुरते आचारी ठेवतात. पाटी तीच राहते आणि हात बदलतो. म्हणून रिव्ह्यू "सर्वांत नवीन आधी" असे लावून फक्त चालू हंगामातले वाचा. तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सर्वांत उपयोगी, कारण ते लिहिणारा काय आवडलं आणि काय नाही, दोन्ही सांगतो. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधण्याची सोय असेल तर "बिल", "वजन", "पोट", "वास" हे शब्द स्थानिक भाषेत टाकून बघा. तीच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा दिसली तर ती खरी धरा.

मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांचे फोटो आणि त्यांच्या तारखा बघा. एकाच दिवशी पडलेले दहा-पंधरा गोडगोड रिव्ह्यू मोजू नका. वीसेक रिव्ह्यूंवर ४.९ मिळालेल्या जागेपेक्षा हजार रिव्ह्यूंवर ४.३ मिळालेली जागा जास्त भरवशाची.

६. गावातल्या माणसांना विचारलं तर ते कमिशन मिळतं तिथेच पाठवतात. मग कुणाला विचारायचं?

ज्याला तुमच्या जेवणातून काही मिळणार नाही त्याला. मासे विकणाऱ्या बायका, बर्फवाला, किराणा दुकानदार, औषधांचं दुकान, बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा. "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की पर्यटकांसाठीचं उत्तर मिळतं. "तुमच्याकडे पाहुणे आले आणि घरी चूल पेटवायची नसेल, तर त्यांना कुठे नेता?" असं विचारा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून एकच नाव आलं की तिथे जा. नाव सांगता सांगता खिशातून हॉटेलचं कार्ड निघालं, तर आभार मानून पुढे व्हा.

७. ताटात येणारा मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं?

मासा दाखवायला सांगा. चांगली जागा आनंदाने दाखवते. आधी कल्ला उचलून बघा. ताज्या माशाचे कल्ले लालभडक आणि ओलसर असतात, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी, चिकट होतात. बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर आलं पाहिजे, खळगा राहता कामा नये. वास समुद्राचा हवा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला की मासा गेलेला आहे. डोळे फुगीर आणि चकचकीत असावेत असं सांगतात, पण फक्त डोळ्यांवर जाऊ नका. बर्फाला चिकटून राहिलेल्या ताज्या माशाचेही डोळे दुधाळ दिसतात.

इतर मालाच्या खुणा वेगळ्या. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा सैल झालेलं नसावं. माकूल (स्क्विड) पांढरंशुभ्र असावं, गुलाबी झाक आली म्हणजे जुनं. खेकडा जिवंत आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागला पाहिजे. हलका लागला तर नुकती कात टाकलेला, आतून पोकळ असतो. शिंपल्या शिजवण्याआधी मिटलेल्या किंवा टिचकी मारल्यावर मिटणाऱ्या हव्यात आणि शिजल्यावर उघडलेल्या हव्यात. शिजूनही मिटलेली शिंपली ताटात बाजूला ठेवा.

शिजल्यावरही ताजेपणा कळतो. ताज्या माशाचं मांस मोठ्या, ओलसर पाकळ्यांनी सुटतं. भुगा होत असेल तर मासा जुना किंवा दोनदा गोठवलेला आणि चोथा लागत असेल तर जास्त शिजवलेला. नव्या जागी पहिल्यांदा साधा, कमी मसाल्याचा मासा मागवावा तो यासाठी. दाट मसाल्यात आणि जाड पिठाच्या आवरणात यांतलं काहीच दिसत नाही.

८. वेटर म्हणतो "आजचाच मासा आहे". विश्वास ठेवायचा का?

तो खोटं बोलत असेलच असं नाही. मासा आज बंदरात उतरला असेल, पण पाण्यातून कधी निघाला हा वेगळा प्रश्न आहे. छोटे मचवे सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येतात. मोठे ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात असतात आणि त्यांच्या पहिल्या दिवसाचा मासा तितकेच दिवस बर्फात काढून "आज" येतो. कमी चरबीचा मासा बर्फात बराच टिकतो. तारली, बांगडा असा तेलकट मासा फार लवकर खराब होतो. म्हणून तेलकट मासा फक्त रोजच्या मचव्याचा घ्या आणि "छोट्या बोटीचा की मोठ्या?" असं सरळ विचारा.

मासळीला आठवड्याचंही वेळापत्रक असतं. बोटी ज्या दिवशी जात नाहीत त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आदल्या मालावरच भागवलं जातं. दोन दिवस वादळी वारा असेल तरी तेच. काही किनाऱ्यांवर रात्री दिवे लावून माकूल आणि तारली पकडतात. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे दिव्याकडे मासा कमी येतो, तेव्हा हा माल कमी मिळतो. अशा दिवसांत भाज्या, अंडी किंवा दुसरं काही खाल्लेलं बरं.

९. गोठवलेला मासा म्हणजे वाईटच ना?

नाही. बोटीवरच झटपट गोठवलेला मासा चार दिवस अर्धवट बर्फात पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा चवीला चांगला लागतो. वाईट असतो तो हळू गोठवलेला, वितळवून पुन्हा गोठवलेला. त्यातलं पाणी सुटतं आणि मांसाचा भुगा होतो. मासेमारी बंद असताना गोठवलेला माल आहे असं मोकळेपणाने सांगणाऱ्या जागेवर विश्वास वाढायला हवा. गोठवलेल्याला ताज्याचा भाव लावला जात असेल तरच हरकत घ्या.

१०. कार्डावर भाव नसतो, "वजनाप्रमाणे" लिहिलेलं असतं आणि मग बिल बघून धक्का बसतो. हे कसं टाळायचं?

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात. धक्का बहुधा तीन ठिकाणी बसतो. छापलेला भाव १०० ग्रॅमचा असतो आणि आपण तो पूर्ण माशाचा समजतो. १.२ किलोचा मासा म्हणजे त्या आकड्याच्या १२ पट. दुसरं, वजन साफ करण्याआधीचं धरलेलं असतं. तिसरं, शिजवण्याचा आकार, सोबतचा भात-भाजी आणि कर वेगळा लागतो.

क्रम असा ठेवा. मासा स्वतः निवडा. आपल्यासमोर तोलून घ्या आणि त्याआधी रिकाम्या काट्यावर शून्य आहे का ते बघा. ट्रे किंवा पाण्याची पिशवी काट्यावर असेल तर तिचं वजन वजा करायला सांगा. मग "शिजवून, सगळं धरून याचे किती होतील?" असं विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. शेवटी माशाचा एक फोटो काढा. निवडलेला मासा आणि ताटातला मासा एकच असावा, यासाठी एवढं पुरतं. हे सगळं हसतमुखाने करता येतं आणि चांगल्या जागेला त्याचं वाईट वाटत नाही.

किती घ्यायचा? डोक्यासकट अख्ख्या माशातून खाण्याजोगं मांस साधारण ४० ते ५० टक्के निघतं. जेवणात मासा हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी ३५० ते ४५० ग्रॅम अख्खा मासा आणि बरोबर आणखी दोन पदार्थ असतील तर २५० ग्रॅम पुरतो. शेवंडीत (लॉबस्टर) मांस वजनाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकं आणि खेकड्यात बहुधा त्याहूनही कमी. दोघांसाठी एक किलो खेकडे ऐकायला खूप वाटतात, पण ताटात थोडेच उरतात.

११. बाजारातून मासा आणून हॉटेलात शिजवून घेतला तर?

चांगला मार्ग आहे, आधी बोलून ठेवलं तर. शिजवण्याचा दर किलोवर आहे की नगावर, तेल-मसाला त्यात धरला आहे का आणि स्वयंपाकघर किती वाजता मोकळं असतं ते विचारा. बाजारातच साफ करून, तुकडे करून घ्या. बरोबर बर्फ न्या, कारण उन्हात पिशवीतला मासा अर्ध्या तासात मऊ पडायला लागतो. लिलावाच्या वेळी मध्ये उभं राहू नका. लिलाव उरकला की किरकोळ विकणाऱ्यांकडे दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मग घ्या.

१२. कच्ची कालवं किंवा कच्चा मासा खावा का?

गरोदर स्त्रिया, यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि लहान मुलं यांनी नाही. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात आणि कालवं पाणी गाळून खातात, म्हणून ते त्यांच्यात साठतात. लिंबू, तिखट सॉस किंवा दारू यांनी ते मरत नाहीत. खुणेच्या गोष्टींवरही जाऊ नका, कारण दूषित कालव दिसायला आणि वासाला चांगलंच असतं.

कच्चा मासा देणाऱ्या जागेला तो आधी गोठवला होता का ते विचारा. उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवल्यावर माशातले परजीवी कृमी मरतात. जिवाणू मात्र गोठवण्याने मरत नाहीत. किनाऱ्यावर स्वतः वेचलेल्या शिंपल्या, "लाल भरती"ची (विषारी शैवालामुळे पाणी रंगण्याची) सूचना लागलेली असताना, शिजवूनही खाऊ नका. ते विष उष्णतेने जात नाही.

१३. मासा नीट शिजलेला होता, तरी त्रास झाला. असं कसं?

दोन प्रकार असतात. पहिला हिस्टॅमिनचा. ट्यूना, बांगडा, तारली, माही-माही हे मासे पकडल्यावर लगेच थंड केले नाहीत तर त्यांच्यात हिस्टॅमिन तयार होतं. एकदा तयार झालं की शिजवून किंवा गोठवून जात नाही. खाताना जिभेवर मिरीसारखं चुरचुरतं आणि काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं सुरू होतं. मासा चुरचुरला तर घास तिथेच थांबवा.

दुसरा सिग्वाटेरा. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांजवळचे मोठे शिकारी मासे, उदाहरणार्थ बाराकुडा, मोठे ग्रूपर, स्नॅपर, मोरे ईल, यांच्यात सूक्ष्म शैवालाचं विष साठतं. चव किंवा वास नसतो आणि शिजवून उपयोग नसतो. पोट बिघडतं, ओठ आणि बोटांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू हाताला पोळल्यासारखी लागते. प्रवाळांच्या किनाऱ्यावर छोटा मासा निवडा, मोठ्या माशाचं डोकं आणि यकृत खाऊ नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर थांबू नका, डॉक्टर गाठा आणि कोणता मासा खाल्ला ते सांगा.

१४. किनाऱ्यावरचे ठेले सुरक्षित असतात का?

समोर तळून गरम गरम देणारा ठेला अनेकदा आतल्या हॉटेलइतकाच सुरक्षित असतो, कारण सगळं दिसतं. कच्चा माल बर्फात आहे का, कच्च्याला आणि शिजलेल्याला वेगळा चिमटा आहे का, पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळा आहे का, हे बघा. तेल काळपट, फेसाळ असेल किंवा तापताना सतत धूर सोडत असेल तर पुढे जा. आधी तळून रचलेला माल घेऊ नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न बाहेर एका तासापेक्षा जास्त राहू नये, एरवी दोन तास. कापलेली फळं आणि सुटा बर्फ यांबाबत माशापेक्षाही जास्त जपा.

१५. आम्ही शाकाहारी आहोत. मासळीच्या गावात काय करायचं?

मासळीसाठी नावाजलेल्या जागेत नाइलाजाचा एक पदार्थ मागवण्यापेक्षा बाजारपेठेच्या, बसस्थानकाच्या बाजूला जा. तिथे गावातल्या रोजच्या माणसांसाठी स्वयंपाक होतो. मासळीच्या ठिकाणी बसायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: तळण्याचं तेल वेगळं आहे का, तवा वेगळा आहे का, रस्सा किंवा सूप माशाच्या पाण्यात करता का? "शाकाहारी" म्हणून सांगितलेल्या भाजीत सुक्या कोळंबीची पूड किंवा माशाचा सॉस असू शकतो. तो घालणाऱ्याला ती मसाल्यातलीच वस्तू वाटते.

१६. कोळंबीची ॲलर्जी आहे, पण मासा चालतो. मासळीच्या हॉटेलात जेवता येईल का?

येईल, पण तळलेलं टाळा. एकाच कढईत कोळंबी आणि मासा तळतात, त्यामुळे नुसता मासाही सुरक्षित राहत नाही. वाफवलेला किंवा वेगळ्या स्वच्छ तव्यावर केलेला मासा मागा. सॉस, सूप आणि वाटणात काय आहे ते विचारा. ॲलर्जी काय आहे आणि काय चालत नाही हे स्थानिक भाषेत लिहिलेला कागद थेट स्वयंपाकघरात द्या, कारण तोंडी निरोप वेटरपाशी गळतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध टेबलावर असू द्या, खोलीत नको. ॲलर्जी आणि प्रश्न १३ मधला हिस्टॅमिनचा त्रास सारखाच दिसतो. फरक स्वतः ठरवत बसू नका.

१७. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर आहेत. वेगळं काय बघायचं?

गर्दीच्या तासाभर आधी बसा. जेवण लवकर येतं आणि आचारी ताजातवाना असतो. मुलांना जाड, एकाच काट्याचा मासा द्या, बारीक काट्यांचा नको. बारापेक्षा जास्त माणसं असतील तर पदार्थ आदल्या दिवशी ठरवून सांगा.

१८. हंगाम संपल्यावर गेलो तर सगळं बंद मिळतं. मग?

नकाशावरच्या वेळांवर जाऊ नका, फोन करा. या दिवसांत उघडी असलेली जागा गावकऱ्यांवर चालते, त्यामुळे जेवण अनेकदा हंगामापेक्षा चांगलं मिळतं. स्वयंपाकघर मात्र लवकर बंद होतं आणि माल थोडा असतो. सकाळीच "संध्याकाळी चारजण येतोय" असं कळवलं तर तुमच्यापुरता मासा आणून ठेवतात.

१९. बसल्यावर जागा चुकली असं लक्षात आलं तर उठून जावं का?

मागवण्याआधी, हो. "माफ करा, आम्ही दुसरीकडे जातोय" एवढं बोलून उठा. न मागता टेबलावर ठेवलेल्या खाण्याला हात लावला असेल तर त्याचे पैसे विचारा. मासा कढईत गेल्यावर उठणं योग्य नाही. मात्र ताटात आलेल्या माशाला अमोनियाचा वास असेल तर पहिल्या घासालाच सांगा. अर्धा खाऊन झाल्यावर तक्रार कुणी ऐकत नाही.

२०. बिलाचा आकडा पटत नाही. वाद न घालता काय करता येतं?

ओळीओळीने बिल मागा. वजन, १०० ग्रॅमचा भाव, शिजवण्याचा आकार, न मागवलेले पदार्थ, सेवा आकार आणि कर हे क्रमाने तपासा. सेवा आकार ऐच्छिक आहे का ते विचारा. प्रश्न १० मधला लिहून घेतलेला कागद आणि फोटो इथे उपयोगी पडतात. वेटरऐवजी गल्ल्यावरच्या माणसाशी, पैसे देण्याआधी, शांतपणे बोला. खरी चूक असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. न केल्यास मान्य असलेल्या ओळींवर खूण करा, बाकीच्यांवर आक्षेप लिहा आणि बिलाची छापील प्रत जवळ ठेवा. पुढे ग्राहक तक्रार करायची झाल्यास तीच लागते.